काटकसर आणि पुनरुक्ती : चंदगडच्या संदर्भात आपत्कालीन संदेशगृहाचा विचार

आपत्तीच्या काळी संदेशांची देवघेव चालू राहावी यासाठी स्वतंत्र वास्तू असावी, ती वादळ, पूर व भूकंप यांत तग धरणारी असावी आणि तिचा विजेचा खर्च अल्प असावा, ही कल्पना आता अभियांत्रिकीच्या लेखनात आणि आपत्तिनिवारणाच्या आराखड्यांत रूढ झाली आहे. कल्पना उत्तम आहे; तिच्याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. मतभेद आहे तो तिच्या मांडणीविषयी. या मांडणीचा एक ठरीव साचा दिसतो. एका रकान्यात टिकाऊपणाच्या तरतुदी येतात : दुहेरी जोडण्या, राखीव जनित्र, जाड भिंती, उंच मनोरा. दुसऱ्या रकान्यात ऊर्जाबचतीच्या तरतुदी येतात : सौर पट्ट, मंद दिवे, भिंतींचे उष्णतारोधन. हे दोन रकाने एकमेकांना पूरक आहेत की मारक, याबद्दल मात्र मौन असते. आणि ज्या गोष्टीसाठी ही वास्तू उभारावयाची तो संदेश, म्हणजे कोणा एका माणसाने दुसऱ्याला उद्देशून उच्चारलेले वाक्य, ते तर कोणत्याच रकान्यात नसते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने वास्तुरचनेत लक्ष घालावे, हा काहींना अनधिकार वाटेल. तथापि प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, तग आणि काटकसर यांचा जो प्रश्न अशा वास्तूपुढे आहे, तोच प्रश्न भाषेने फार पूर्वी सोडविलेला आहे. आणि भाषेचे ते उत्तर ध्यानात घेतले तर वास्तूचे छप्पर, जोते, बॅटऱ्या यांच्याविषयीचे निर्णयसुद्धा वेगळे होतात. चर्चा हवेत राहू नये म्हणून ती कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या चंदगड तालुक्याला धरून केली आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. या विषयासाठी मराठीत तीन शब्द चालतात : दळणवळण, संदेशवहन आणि संज्ञापन. ‘दळणवळण’ हा सर्वांत जुना व सैल. त्यात रस्ता, पूल, टपाल, दूरध्वनी सर्व काही येते. काटेकोर परिभाषेच्या भोक्त्यांना हा सैलपणा दोष वाटतो. परंतु डोंगरी मुलखात हा दोष नसून निरीक्षण आहे. दूरध्वनीची तार रस्त्याच्या कडेने जाते आणि पुलाच्या अंगानेच नदी ओलांडते; रस्ता खचला की तीही तुटते, आणि जनित्रासाठी डिझेल आणणारी गाडीही त्याच रस्त्यावर अडते. जे एका शब्दात बांधले आहे ते संकटात एकदमच जाते. ‘संदेशवहन’ या शब्दात भर वाहून नेण्यावर आहे. संदेश पोचला की काम संपले. ‘संज्ञापन’ या शब्दात मात्र दुसऱ्याला कळविण्याचा, म्हणजे त्याला कळण्याचा, अर्थ अभिप्रेत आहे. आपल्याकडच्या नियंत्रण कक्षांची कल्पना बव्हंशी संदेशवहनाची आहे. ज्या वास्तूचा विचार येथे करावयाचा आहे ती संज्ञापनाची असली पाहिजे, म्हणून तिला मी ‘केंद्र’ किंवा ‘कक्ष’ न म्हणता ‘संदेशगृह’ म्हणतो. गृहात माणूस राहतो, हे त्या शब्दात गृहीत आहे.

चंदगड तालुक्याची स्थिती अशी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो बेळगाव जिल्ह्यात होता. जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तेव्हा हा एक तालुका वगळून मुंबई राज्यात ठेवण्यात आला व तो कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. परिणामी त्याचे जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरांहून अधिक दूर पडले, आणि बाजार व दवाखाना यांसाठी जवळचे शहर, बेळगाव, परराज्यात राहिले. पश्चिमेस सह्याद्रीची धार व तिच्याखाली तळकोकण आणि गोवा, पूर्वेस सीमा. पश्चिम पट्ट्यातील पाऊस वर्षाला काही हजार मिलिमीटरांत मोजावा लागतो. ताम्रपर्णी व घटप्रभा या येथल्या नद्या पूर्वेकडे वाहत जाऊन कर्नाटकात शिरतात. जंगमहट्टी, जांबरे आणि फाटकवाडीचा घटप्रभा प्रकल्प ही धरणे याच तालुक्यातील होत. २०१९ च्या ऑगस्टमधील पुरात ताम्रपर्णीचे पाणी कोवाडच्या बाजारपेठेत शिरले. रणजित देसाई यांचे गाव म्हणून मराठी वाचकाला ठाऊक असलेले हेच ते कोवाड. त्या दिवसांत कोल्हापूर शहराजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद होता आणि शहरात पेट्रोल-डिझेल तातडीच्या सेवांसाठी राखून ठेवावे लागले. ज्या जिल्ह्याच्या ठिकाणाकडून चंदगडने मदत मागावयाची, तेच तेव्हा स्वतः वेढलेले होते.

आता मूळ मुद्दा. १९४८ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला. त्यातील एक निष्कर्ष भाषेच्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे : गोंगाटातून संदेश शाबूत न्यावयाचा असेल तर त्यात काही पुनरुक्ती असावीच लागते. संपूर्ण काटकसरीने रचलेला संदेश शांत वातावरणात आदर्श असतो, पण त्यातील एक अंश गळाला की सारा अर्थ जातो. उलट केवळ पुनरुक्तीने भरलेला संदेश सुरक्षित असतो, परंतु त्यात वेळ आणि शक्ती व्यर्थ जाते. म्हणजे तग आणि काटकसर हे गुण मुळात परस्परविरोधी आहेत. दोन रकान्यांचा साचा हा विरोध झाकून टाकतो, हा त्याचा मुख्य दोष होय.

भाषा हा विरोध कसा मिटविते ते पाहा. ‘मोठी नदी भरली’ या तीन शब्दांच्या वाक्यात नदी एक आहे आणि ती स्त्रीलिंगी आहे, ही गोष्ट तीनदा सांगितली आहे : विशेषणात, नामात व क्रियापदात. ‘मोठ्या नद्या भरल्या’ यात अनेकत्व तीनदा सांगितले. वाऱ्यात नामाचा अंत्य स्वर ऐकू आला नाही तरी क्रियापद तो परत मिळवून देते. पण हीच भाषा सर्वच गोष्टी तीनदा सांगत नाही. सर्वनाम गाळते, कर्ता गाळते, ‘आहे’ गाळते. ऐकणाऱ्याला जे प्रसंगावरून कळणार आहे त्यावर ती श्वास खर्च करीत नाही. गळण्याचा धोका जेथे आहे आणि गळाल्यास अनर्थ आहे तेथेच पुनरुक्ती, अन्यत्र कठोर काटकसर : भाषेचे धोरण हे असे आहे.

आपल्या इतिहासातही याचे एक ठसठशीत उदाहरण आहे, आणि तेही याच जिल्ह्यातले. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडी पोचल्याची खूण म्हणून तोफांचे आवाज झाले व ते बाजीप्रभूंनी खिंडीत ऐकले, अशी परंपरा आहे. ऐतिहासिक चिकित्सा बाजूला ठेवून संदेश म्हणून त्याकडे पाहिले तर त्यात माहिती किती? ‘पोचलो’ एवढीच. तिचा अर्थ आधीच ठरलेला असल्यामुळे शब्दाची गरज उरली नव्हती; उरलेला सारा खर्च आवाज मोठा करण्यावर आणि तो पुन:पुन्हा करण्यावर झाला. आधी ठरविणे ही सर्वांत स्वस्त ऊर्जा आहे. आजच्या यंत्रसामग्रीच्या याद्यांत ती कुठेही दिसत नाही, कारण तिला किंमत पडत नाही आणि म्हणून तिची निविदाही निघत नाही.

हे धोरण विजेला लावले की हिशेब बोलू लागतो. समजा, संदेशगृहातील सर्व उपकरणे मिळून अखंड ५०० वॉट घेतात. बाहेरची वीज तीन दिवस आली नाही, तर लागतील ३६ युनिट. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून, ती लवकर मरू नये असे वाटत असेल, तर निम्मीच शक्ती काढावयाची; म्हणजे साठा ७२ युनिटांचा हवा. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासांची एक बॅटरी १.८ युनिटांची, अशा ४० बॅटऱ्या झाल्या. त्यात दीड किलोवॉटचे एक वातानुकूलन यंत्र अखंड चालविले, तर त्याच्या एकट्याच्या वाट्याला आणखी १२० बॅटऱ्या येतात. आता उलट बाजूने पाहू. भिंतभर पडदे काढून टाकले, संगणक दोनाचा एक केला आणि भार १५० वॉटांवर आणला, तर त्याच तीन दिवसांना १२ बॅटऱ्या पुरतात. आणि मूळच्या ४० ठेवल्याच, तर तीन दिवसांचे दहा दिवस होतात. काटकसरीने वाचविलेला वॉट हा येथे बिलातली बचत नसून तग धरण्याची मुदत आहे. सौर पट्टांचेही तसेच. निरभ्र दिवशी एक किलोवॉटचे पट्ट चार युनिटांच्या आसपास देतात. आषाढातल्या दाट ढगाखाली एक युनिट मिळाले तरी पुष्कळ म्हणावे. म्हणून पट्टांची संख्या एप्रिलच्या उन्हावर ठरविणे म्हणजे गाळलेला संदेश पोचला असे समजणे होय. १५० वॉटांना दिवसाला ३.६ युनिट लागतात. चार किलोवॉटांचे पट्ट वाईट दिवशीही ते जेमतेम भागवतील. ५०० वॉटांना तेवढ्याच भरवशासाठी बारा किलोवॉट लागतील, आणि मग छप्पर पट्टांच्या सोयीने बांधावे लागेल, पावसाच्या सोयीने नव्हे.

ऊर्जेचा उगम आणि आपत्तीचे स्थान एकच असू शकते, हे महाराष्ट्राने ११ डिसेंबर १९६७ रोजी पाहिले आहे. कोयनेच्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे गेली, आणि वीजकेंद्र बंद पडल्याने दूर मुंबईचा पुरवठाही खंडित झाला. दुहेरी जोडणीचा अर्थ दोन तारा असा नव्हे. दोन भिन्न कारणांनी तुटतील अशा दोन वाटा, असा आहे. एकाच खांबावरून नेलेल्या दोन तारा ही पुनरुक्ती नसून निव्वळ द्विरुक्ती आहे.

संहिता काय म्हणतात? इमारतींच्या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या, म्हणजे मानक क्रमांक १८९३ च्या, २०१६ च्या आवृत्तीत दूरध्वनी केंद्रे, आकाशवाणी केंद्रे, रुग्णालये यांसारख्या वास्तूंना सामान्य इमारतीच्या दीडपट महत्त्व-गुणक दिला आहे. ही योग्य पुनरुक्ती होय : जी वास्तू पडल्याने इतरांचे प्राण जातील ती अधिक बळकट असावी. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता (२०१७) मात्र जोडलेला भार १०० किलोवॉट किंवा करारमागणी १२० केव्हीए व त्याहून अधिक असलेल्या इमारतींना उद्देशून लिहिली गेली. शहरी कार्यालये आणि व्यापारी संकुले डोळ्यांपुढे ठेवून रेखलेल्या या मर्यादेत तालुक्याचे चिमुकले संदेशगृह येतच नाही. ज्या वास्तूत प्रत्येक वॉट जीविताशी निगडित आहे, ती ऊर्जेच्या संहितेच्या दृष्टीने नगण्य ठरते. पुढे २०२२ च्या कायदादुरुस्तीने ही मर्यादा खाली आणण्याची मुभा राज्यांना दिली. तरी दृष्टिकोनातला मूळ दोष, म्हणजे ऊर्जाबचत ही मोठ्या ग्राहकाने करावयाची गोष्ट आहे ही समजूत, तेवढ्याने जात नाही.

आता प्रत्यक्ष वास्तूकडे येऊ. मैदानी प्रदेशासाठी केलेला नमुना-आराखडा येथे आणला, तर त्यातली पहिली चूक वातानुकूलनाची असेल. चंदगडची अडचण उष्णता ही नाही. ओल ही आहे. चार महिने भिंती घामेजतात, कागद मऊ पडतो, जोडणीच्या पितळेवर हिरवट थर चढतो. यंत्रांना थंड ठेवण्यापेक्षा कोरडे ठेवणे महत्त्वाचे, आणि त्यासाठी सबंध इमारत थंड वा गरम करण्याची जरुरी नाही. बिनतारी संच व बॅटऱ्यांचे नियंत्रक एका लहान, घट्ट झाकणाच्या कपाटात ठेवले तर त्यांची स्वतःची ऊबच त्यांना कोरडे ठेवू शकते. बॅटऱ्या मात्र वेगळ्या, हवेशीर खोलीत हव्यात. त्यांतून निघणारा वायू कोंडून चालत नाही.

भिंतींसाठी येथला दगड चिरा, म्हणजे जांभा. तो जवळ मिळतो, त्याची भिंत दिवसाची ऊब रात्रीपर्यंत धरते; परंतु तो सच्छिद्र आहे आणि पाणी पितो. जुन्या घरबांधणाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा साधा होता : उंच जोते, लांब पागोळ्या, पश्चिमेला पडवी. भिंतीला पाऊस लागूच द्यावयाचा नाही. यात सुधारणा हवी ती एका बाबतीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर-उस्मानाबादच्या भूकंपात हजारो माणसे ज्या घरांखाली सापडली, ती जाड दगडी भिंतींचीच होती. चिखलात रचलेले दगड, एकमेकांना न बांधलेले, आणि वर मातीचे जड धाबे. जाडी म्हणजे बळकटी नव्हे, हा त्याचा धडा. जोत्याच्या, दारांच्या माथ्याच्या आणि छपराच्या पातळीवर सळया घातलेल्या काँक्रीटचे सलग पट्टे फिरविले, कोपऱ्यांत उभ्या सळया दिल्या, म्हणजे तीच चिऱ्याची भिंत एक होऊन हलते. विजेसाठी जमिनीत अर्थिंग करतानाही जांभ्याचा स्वभाव ओळखावा लागतो. कोरडा असताना तो वीज सहज जिरू देत नाही, आणि कडकडाट होतो तो नेमका एप्रिल-मेच्या वळवात, जमीन तापून सुकलेली असताना. अर्थिंगची परीक्षा पावसाळ्यात घेतली तर उत्तर उत्तम येते आणि निरुपयोगी असते.

जागेविषयी थोडक्यात. सरकारी वास्तू बहुधा मोकळी जमीन मिळेल तेथे उभी राहते. येथे नदीकाठ वर्ज्य, आणि माळीण (२०१४), तळिये (२०२१) व इर्शाळवाडी (२०२३) यांच्यानंतर डोंगराचा पायथाही वर्ज्य. बिनतारी लहरींना उंची हवी म्हणून मनोरा टेकडीवर असावा हे खरे. पण माणसे, बॅटऱ्या आणि मनोरा यांना एकाच ठिकाणी बांधण्याची सक्ती कोणी केलेली नाही. गावाजवळच्या खोलीतून टेकडीवरचा पुनःप्रक्षेपक चालविता येतो. आणि तो पडलाच, तर अल्प लांबीच्या उंच मनोऱ्यावाचून चालणारा लघुलहरींचा मार्ग राखून ठेवता येतो. सात मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी, तार जमिनीपासून फारशी उंच न बांधता सोडल्या, तर सरळ वर जाऊन आयनांबरातून परततात आणि मधल्या डोंगरांची पर्वा न करता शे-दोनशे किलोमीटरांच्या टापूत उतरतात. दिवसा हा मार्ग चांगला चालतो. हौशी बिनतारी-चालकांनी २००१ च्या भूजच्या भूकंपात आणि २००४ च्या अंदमानातील त्सुनामीत जे साहाय्य केले, ते अशाच अल्पशक्तीच्या संचांवर.

छपराचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तेथे स्थापत्य आणि ध्वनिशास्त्र यांची गाठ पडते. आजकाल सरकारी वास्तूवर पत्रा घालणे सोपे, स्वस्त आणि गळती थांबविणारे समजले जाते. घाटमाथ्याच्या पावसात पत्र्याखाली उभे राहिल्यावर दोन हातांवरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, हा त्या भागातल्या प्रत्येकाचा अनुभव आहे. म्हणजे ज्या रात्री या वास्तूचा उपयोग आहे, नेमक्या त्याच रात्री तिच्यात बोलणे अशक्य व्हावे, अशी ही योजना. पावसाच्या आवाजात उच्च कंपनांचे घर्षक वर्ण आधी बुडतात. दूरध्वनी व बिनतारी संच तर साधारण तीन हजार कंपनांपलीकडचे ध्वनी मुळातच कापून टाकतात. मराठीत याचा परिणाम काय होतो? ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ हे तीन शब्द घ्या. पहिल्या दोहोंत भेद आहे तो केवळ दन्त्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ठ’ यांचा. दुसऱ्या-तिसऱ्यात आरंभीच्या ‘स’चा. ‘स’ बुडाला की साठचे आठ होतात. ‘तीन’ आणि ‘तीस’, ‘सहा’ आणि ‘दहा’ यांचीही हीच गत. कौलारू छप्पर व त्याखाली लाकडी तक्तपोशी, किंवा सरळ काँक्रीटचा उतरता स्लॅब, एवढ्याने हा धोका पुष्कळ कमी होतो. छपराच्या निवडीचे कारण म्हणून ‘सात-साठ-आठ’ हे उदाहरण कोणत्याही आराखड्यात आढळणार नाही; पण त्याहून सबळ कारण मला तरी दिसत नाही.

संख्यांचा हा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. मराठीतील एक ते शंभर हे संख्यावाचक शब्द बव्हंशी एकेक सुटे शिकावे लागतात, आणि त्यांत एकम स्थान आधी बोलले जाते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट. शहरातील पोरालाही हे आकडे पाठ आहेत, आणि २०१९ मध्ये ५५ व २०२१ मध्ये ५६ फुटांवर पाणी गेल्याचे लोक तारखांसारखे सांगतात. तांत्रिक मोजमाप लोकभाषेत मुरल्याचे हे दुर्मिळ व अभिनंदनीय उदाहरण आहे. पण ‘एकोणचाळीस’ आणि ‘एकोणपन्नास’ यांत खरखरीतून काय ऐकू येईल? ‘त्रेचाळीस’ आणि ‘त्रेपन्न’? दहा फुटांची चूक एका अक्षरावर अवलंबून ठेवलेली आहे. २०१९ च्या जूनमध्ये, म्हणजे त्या महापुराच्या दोनच महिने आधी, बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि तिच्यावर मोठे वादळ उठले. शाळेत काय शिकवावे हा वाद येथे नको. बिनतारी संचावर मात्र ‘तीन नऊ, एकोणचाळीस, तीन नऊ फूट’ असेच बोलले पाहिजे, यात शंका नाही. धोका आकड्यात आहे, म्हणून पुनरुक्ती आकड्याची.

वाक्यरचनेत याहूनही मोठा खड्डा आहे. मराठीत निषेध शेवटी येतो : ‘पुलावरून जाऊ नका.’ बिनतारी संचावर बोलणारा माणूस घाईत असला की कळ थोडी उशिरा दाबतो आणि थोडी लवकर सोडतो. वाक्याचे पहिले व शेवटचे अक्षर खाल्ले जाते. शेवटचे ‘नका’ गेले तर उरते ‘पुलावरून जाऊ...’. ज्याने ऐकले तो निघाला. यासाठी सूचना ‘पूल बंद. जाणे बंद. पूल बंद’ अशी हवी. निषेध नामात घालावयाचा आणि मध्यभागी ठेवावयाचा. गावांच्या नावांचेही पाहा. ‘हलकर्णीत पाणी शिरले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण हलकर्णी चंदगड तालुक्यात आहे, तशी शेजारच्या गडहिंग्लज तालुक्यातही आहे. माणगाव चंदगडात आहे, १९२० च्या परिषदेमुळे इतिहासात गेलेले माणगाव हातकणंगले तालुक्यात आहे आणि घाटाखाली कुडाळ तालुक्यात आणखी एक आहे. बोटी पाठविणारा कोल्हापुरात बसलेला असेल तर यातले कोणते माणगाव त्याच्या मनात आधी येईल, हे सांगणे कठीण नाही.

शासकीय पत्रकांच्या भाषेवर टीका करणे आता फार सोपे झाले आहे आणि ती टीका बहुधा चुकीच्या ठिकाणी होते. संस्कृत शब्द आला म्हणून बिघडत नाही. ‘विसर्ग’ हा शब्द पाहा. आपल्या विद्यार्थ्याला तो दोन टिंबांच्या रूपाने ठाऊक असतो. धरणाच्या पत्रकात तो सोडलेल्या पाण्याला लावतात, आणि धातूचा अर्थ पाहता ते अचूकच आहे. बिघडते ते ‘इतके क्युसेक विसर्ग सुरू आहे’ हे वाक्य नदीकाठच्या माणसाला त्याच्या दाराशी पाणी कधी व कुठपर्यंत येईल हे सांगत नाही म्हणून. क्युसेक ही धरणावरच्या माणसाची भाषा. गावाची भाषा पुलाच्या कमानीची, देवळाच्या पायरीची, अमक्याच्या शेताच्या बांधाची. या दोहोंचे भाषांतर आधी, उन्हाळ्यात, बसून ठरवावे लागते, आणि ते संदेशगृहाच्या भिंतीवर टांगलेल्या तक्त्यावर असावे लागते. विशाळगडच्या तोफेचा अर्थ जसा आधी ठरला होता तसा. भिंतभर विजेच्या पडद्याऐवजी मी जो कागद सुचवितो तो हा. त्याला एक वॉटही लागत नाही, ओलीत मऊ पडू नये म्हणून मेणकापडावर छापावा लागेल, एवढेच.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. २०२३ पासून मोठ्या आवाजानिशी प्रत्येक भ्रमणध्वनीवर एकदम उतरणाऱ्या इशाऱ्यांच्या चाचण्या देशभर झाल्या आहेत. मग तालुक्याच्या गावी वेगळी वास्तू कशाला? ही व्यवस्था स्तुत्य आहे, आणि तिच्या मुळाशी असलेल्या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत तातडी, तीव्रता व खात्री या तीन गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवाव्या लागतात, हे तर आपल्या ‘सतर्कतेचा इशारा’ या गोळाबेरीज शब्दप्रयोगाने शिकण्यासारखे आहे. परंतु ती एकमार्गी आहे. वरून खाली इशारा येतो. खालून वर वार्ता जात नाही. शिवाय तिला गावचा मनोरा जिवंत लागतो, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड जिल्ह्यात मनोरे आणि वीज दोन्ही एकदमच गेली होती. जे गाव बोलू शकत नाही त्याची हानी आकडेवारीत सर्वांत कमी दिसते, हा संकटकाळाचा विपरीत न्याय आहे. संदेशगृहाचे पहिले काम सांगणे हे नव्हे. ऐकणे हे आहे.

ऐकणारा कोण, हा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. चंदगडची बोली एकीकडे कोल्हापुरी मराठी, दुसरीकडे घाटाखालची कोकणी-मालवणी आणि तिसरीकडे कानडी यांच्या सान्निध्यात वाढली आहे. घाबरलेला माणूस प्रमाणभाषेत बोलत नाही. तो घरच्या भाषेत, तुटक आणि भरभर बोलतो. संचावर बसणाऱ्याला ती बोली जन्माने किंवा दीर्घ सहवासाने आली पाहिजे. तसेच सीमेपलीकडे बेळगावच्या बाजूशी बोलण्यापुरते कानडी त्याला, आणि पलीकडच्याला मराठी, आले पाहिजे. घटप्रभेचे पाणी शिनोळीच्या नाक्यावर थांबत नाही. बदलीवर आलेला, भाग न जाणणारा कर्मचारी कितीही निष्णात असला तरी त्याच्या कानाशी येऊन अर्धे वाक्य संपते. दोन बिनतारी संच ठेवण्याची तरतूद करणारे आराखडे स्थानिक कानाची दुसरी जोडी मात्र ठेवीत नाहीत. एक माणूस तीन दिवस जागा राहू शकत नाही. म्हणून दोन खाटा, चूल, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि रात्री दिवा न लावता वाट सापडेल असे शौचालय या गोष्टी संदेशगृहाच्या नकाशात मनोऱ्याइतक्याच ठळक हव्यात.

आपल्या विभागाच्या हातचे काम यात थोडे नाही. तालुक्यातील गावे व वाड्या यांच्या नावांची, ऐकताना घोटाळा होणाऱ्या जोड्या निराळ्या काढून केलेली यादी. अंकांच्या उच्चारांची, संचाच्या मर्यादित कंपनपट्ट्यातून आणि पावसाच्या आवाजासह घेतलेली श्रवणचाचणी. वीस-पंचवीस ठरीव सूचनांची मराठी व कानडी शब्दयोजना, निषेध वाक्याच्या मध्यभागी येईल अशी. एका पदव्युत्तर प्रबंधिकेला पुरेल एवढे हे काम आहे. श्रवणचाचणी मात्र प्रयोगशाळेच्या निःशब्द खोलीत घेऊ नये. ती जुलैत, चंदगडच्या एखाद्या पत्र्याच्या छपराखाली आणि लगेच शेजारच्या कौलारू घरात, त्याच श्रोत्यांवर घ्यावी.